कार्ड झोपतं आणि उठत नाही

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि ठणठणीत चालणारे कितीतरी लॅपटॉप एका दिवसात म्हातारे ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते. प्रोसेसर इंटेलचा असेल, तर तो बहुतेक करून आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचाच लागतो. त्याआधीचा लॅपटॉप भंगारात द्यायचा नसेल, तर त्याच्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू चढवायचं, हा सरळ मार्ग आहे. हल्ली बोरिवली, मुलुंडच्या स्टेशनाबाहेरचे रिपेरिंगवालेसुद्धा पेन ड्राइव्ह लावून हे काम करून देतात. लॅपटॉप नव्यासारखा पळतो आणि घरातले खूश होतात.

मग एका संध्याकाळी व्हिडिओ कॉल चालू असताना समोरच्याचा चेहरा अर्ध्या वाक्यात थिजतो. ‘नेट गेलं’ म्हणून कुणीतरी राउटर बंद-चालू करतं. पण फोनवर नेट चालूच असतं. वायफायच्या चिन्हावर क्लिक करावं, तर यादी उघडत नाही किंवा उघडून रिकामी दिसते. कधीकधी माउसही हलेनासा होतो आणि पॉवर बटण दाबून धरण्यापलीकडे काही उरत नाही. दुकानात नेलं की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ या दुखण्यावर फॉरमॅट हे सर्वांत वाईट औषध आहे. नव्याने बसवलेल्या सिस्टिममध्ये तोच ड्रायव्हर आणि तेच फर्मवेअर परत येतं. जातात ते फक्त तुमचे फोटो आणि दुखण्याचा सगळा पुरावा.

पुरावा महत्त्वाचा, कारण ‘हँग झालं’ या दोन शब्दांत तीन वेगळे आजार कोंबलेले असतात. पहिल्यात लॅपटॉप ठीक असतो, वायफाय जोडलेलं दिसतं, पण डेटा पुढे सरकत नाही. दुसऱ्यात वायफायचं कार्डच गायब होतं आणि सिस्टिमच्या लेखी ते मशीनमध्ये नसतंच. तिसऱ्यात अख्खा लॅपटॉप गोठतो. कॅप्स लॉकचा दिवा आपोआप लुकलुकत असेल, तर कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या मूळ भागाने, हात टेकले असं समजायचं. तिघांची औषधं वेगळी आहेत. मूळ मात्र बहुतेक वेळा एकच निघतं: वीज वाचवण्यासाठी कार्डाला झोपवलेलं असतं आणि हाक मारल्यावर ते उठत नाही. ही झोपही एकावर एक तीन थरांची असते. कोणत्या थरावर गाडं अडलंय हे कळलं, की अर्धं काम झालं.

आधी ओळख पटवायची. टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा द्या. (इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमन लिपीत करायच्या.) कार्डाचं नाव आणि त्याखाली वापरात असलेला ड्रायव्हर दिसतो. इंटेलचं कार्ड असेल तर ‘आयडब्ल्यूएलवायफाय’, जुनं अ‍ॅथेरॉस असेल तर ‘एटीएच९के’, रिअलटेकचं असेल तर ‘आरटीएल’ किंवा ‘आरटीडब्ल्यू’ने सुरू होणारं नाव. कार्डाच्या ओळीच्या शेवटी ‘रेव्ह एफएफ’ दिसलं, तर दुसरा आजार पक्का. लॅपटॉपने कार्डाला विचारणा केली, उत्तर आलंच नाही आणि उत्तराच्या जागी नुसते एक-एक-एक वाचले गेले, असा त्याचा अर्थ. यादीत कार्ड नीट दिसत असूनही वायफाय बंद असेल, तर ‘आरएफकिल लिस्ट’ बघून घ्या. विमानाचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं गेल्याने घाबरलेली माणसं कमी नाहीत.

त्यानंतर कर्नलची वही वाचायची. ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ म्हटलं की याआधीच्या वेळी लॅपटॉप चालू होता तेव्हाच्या कर्नलच्या नोंदी मिळतात. गोठण्याच्या आधीची शेवटची दोन-तीन मिनिटं तेवढी वाचा, सगळं पुराण नको. पडद्यावरचे मेनू मराठीत दिसू शकतात, आणि त्यामागे मुंबईच्या उपनगराचाही हात आहे. जुहूच्या एनसीएसटीमध्ये, म्हणजे आजच्या सी-डॅक मुंबईत, ‘इंडिक्स’ नावाच्या प्रकल्पात लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या नीट उमटवण्याचं काम झालं होतं. कर्नल मात्र आपलं गाऱ्हाणं इंग्रजीतच मांडतो. इंटेलच्या कार्डाचं नेहमीचं गाऱ्हाणं ‘मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर डिटेक्टेड’ असं असतं. कार्डाच्या आत स्वतःचा छोटा प्रोसेसर आणि स्वतःचा प्रोग्रॅम, म्हणजेच फर्मवेअर, असतो, तो कोसळला, हा त्याचा मथितार्थ. लगेच पुढे ‘रीस्टार्टिंग’ दिसतं. ड्रायव्हर कार्डाला उठवून परत कामाला लावतो, म्हणून तुम्हाला पाच-दहा सेकंदांचा खंड जाणवतो आणि वायफाय आपोआप परत येतं. महिन्यातून एकदा असं झालं तर सोडून द्या. तासातासाला होत असेल तर फर्मवेअर आणि कर्नल अद्ययावत करा.

आता झोपेचा पहिला थर. वायफायचं मानकच कार्डाला डुलकी घ्यायची मुभा देतं. ‘मी झोपतोय’ असं कार्ड राउटरला कळवतं आणि आपला रेडिओ बंद करतं. दरम्यान आलेला डेटा राउटर स्वतःजवळ राखून ठेवतो. सोसायटीचा वॉचमन पार्सलं केबिनमध्ये ठेवून फळ्यावर फ्लॅट नंबर लिहितो, तसंच हे. राउटरचा फळा म्हणजे बीकन. तो साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे दहा वेळा, हवेत सोडला जातो. कार्ड ठरलेल्या क्षणी जागं होतं, फळा वाचतं, आपला नंबर असेल तर माल उचलतं आणि नसेल तर पुन्हा झोपतं. बॅटरी वाचवण्याची ही युक्ती सुंदर आहे. अटी दोनच: कार्ड वेळेवर उठलं पाहिजे आणि फळा वाचता आला पाहिजे.

उपनगरातली गर्दी नेमकी इथे नडते. अंधेरी किंवा घाटकोपरच्या टॉवरमध्ये वायफायची यादी उघडली, की बोटाने खाली ढकलत राहावी लागते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आजूबाजूचे सगळे राउटर या तिघांत दाटीवाटीने बसलेले. बीकन दूरच्या आणि जुन्या उपकरणांनाही कळावा म्हणून तो बऱ्याच राउटरांवर सर्वांत संथ वेगाने, सेकंदाला १ मेगाबिटने, पाठवला जातो. हिशेब मांडून बघा. ३०० बाइटचा बीकन म्हणजे २४०० बिट. ते पाठवायला २.४ मिलिसेकंद लागतात, वर सुरुवातीचा मजकूर धरला की सुमारे २.६. सेकंदाला दहा बीकन म्हणजे २६ मिलिसेकंद. एका चॅनेलवर असे वीस राउटर ऐकू येत असतील, तर दर सेकंदातला जवळजवळ अर्धा सेकंद नुसत्या ‘मी इथे आहे’ या आरोळ्यांत जातो. कुणी एकही व्हिडिओ बघत नसतानाची ही गोष्ट. या गोंगाटात झोपेतून उठलेल्या कार्डाचा फळा हुकतो. सलग बरेच हुकले की ड्रायव्हर ‘राउटर गेला’ असं समजून संबंध तोडतो. काही ड्रायव्हर तोडतही नाहीत, नुसते ताटकळत बसतात, आणि तुम्हाला वायफायचं भरलेलं चिन्ह आणि फिरणारं चक्र असं दोन्ही एकदम दिसतं.

म्हणून पहिल्या आजारावरचा पहिला प्रयोग म्हणजे ही डुलकी बंद करणं. ‘आयडब्ल्यू’ या आज्ञेने ‘पॉवर सेव्ह ऑफ’ म्हटलं की बदल लगेच लागू होतो आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला की विसरला जातो. प्रयोगासाठी हे उत्तमच, बिघडलं तरी काही अडत नाही. फरक पडला तर बदल कायमचा करायचा. उबुंटूमध्ये नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंग्जच्या फोल्डरात ‘डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन’ नावाची छोटीशी फाइल असते आणि तिच्यात पॉवरसेव्हपुढे ३ लिहिलेला असतो. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. तो एक आकडा बदलला, की एरवी आठवडाभर छळणारी कटकट बऱ्याच लॅपटॉपवर मिटते. बॅटरी थोडी लवकर उतरते. घरात चार्जर लावूनच बसणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

दुसरा उपाय पट्टा बदलण्याचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला ६०५ मेगाहर्ट्झचा हिस्सा परवानामुक्त केला. तिथे चॅनेल भरपूर आहेत, आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत लवकर मंदावत असल्याने शेजाऱ्याचा राउटर तुमच्या घरात फारसा पोचत नाही. भिंत जाड असण्याचा फायदा शहरात असा क्वचितच मिळतो! राउटर दोन्ही पट्ट्यांचा असेल तर ५ चं नाव वेगळं ठेवा आणि लॅपटॉप त्यालाच जोडा. अडचण स्वस्त कार्डांची. रिअलटेकचं ‘आरटीएल८७२३बीई’ हे कार्ड गेल्या दशकातल्या कमी किमतीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये सापडतं. ते २.४ पुरतंच बोलतं, आणि ब्लूटूथही त्याच कार्डावर, त्याच पट्ट्यात. ब्लूटूथ इअरफोन लावून मीटिंग केली की वायफाय का आचके देतं, ते यावरून कळेल.

या कार्डाची आणखी एक गंमत आहे. त्याच्यावर अँटेनाच्या दोन जागा असतात, पण काही लॅपटॉपमध्ये वायर एकच जोडलेली असते, आणि कोणत्या जागेला जोडली हे कार्डाच्या स्मृतीत चुकीचं नोंदलेलं असतं. त्यामुळे ड्रायव्हर रिकाम्या जागेवरून ऐकत बसतो. राउटरच्या शेजारी बसलं तर रेंज येते, आतल्या खोलीत गेलं की संपते. ड्रायव्हरला ‘अँट_सेल’ हा पर्याय १ किंवा २ असा द्यायचा, दोन्ही करून बघायचे आणि जास्त रेंज देणारा ठेवायचा. स्क्रू ड्रायव्हर न लावता, एक आकडा बदलून अँटेना जोडल्याचं समाधान मिळतं.

झोपेचा दुसरा थर कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या दुव्याचा. या दुव्याला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात आणि त्याची वीज वाचवण्याच्या सोयीला एएसपीएम. दोन्ही टोकांना काही बोलायचं नसलं की दुवा झोपतो आणि गरज पडली की काही मायक्रोसेकंदांत उठतो. म्हणजे, उठायला हवा. काही कार्डं आणि काही मदरबोर्ड यांचं यावर एकमत होत नाही. मदरबोर्ड समजतो दुवा जागा झाला, कार्ड अजून झोपेत. प्रोसेसर कार्डाच्या रजिस्टरमधला आकडा मागतो आणि उत्तराची वाट बघतो. ड्रायव्हर शहाणा असेल तर थोडं थांबून ‘कार्ड गेलं’ असं नोंदवून मोकळा होतो, तेव्हा दुसरा आजार दिसतो. ड्रायव्हर भाबडा असेल आणि इतर सगळ्यांना अडवून वाट बघत बसला, तर प्रोसेसरचा तो गाभा अडकतो. वीस-बावीस सेकंदांनी कर्नल ‘सॉफ्ट लॉकअप’ची बोंब ठोकतो, पण तोवर माउस थिजलेला असतो. दहा रुपयांच्या बिस्किटाएवढं कार्ड अख्ख्या लॅपटॉपला घेऊन बुडतं, ते या वाटेने.

खातरजमा करायला लॅपटॉप सुरू होताना कर्नलला ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ हा शब्द द्यायचा. सुरुवातीला दिसणाऱ्या ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो जोडला, की त्या एका खेपेपुरता लागू होतो. गोठणं थांबलं तर गुन्हेगार सापडला. पण हा शब्द कायमचा ठेवायची घाई करू नका, कारण तो एका कार्डापुरता नसून सगळ्याच उपकरणांना लागू होतो आणि लॅपटॉप तापू शकतो. मे महिन्यात पंख्याखाली मांडीवर घेऊन बसणाऱ्याला ते लगेच कळेल. रिअलटेकच्या ‘आरटीडब्ल्यू८८’ आणि ‘आरटीडब्ल्यू८९’ या ड्रायव्हरांना फक्त आपल्या कार्डापुरतं एएसपीएम बंद करण्याचे स्वतंत्र पर्याय आहेत, ते वापरणं बरं. एक सल्ला सर्रास दिला जातो, तो मात्र मला पटत नाही: ‘पीसीआय=नोएईआर’ लिहा. दुव्यावरच्या चुकांच्या नोंदींनी डिस्क भरत असेल तर त्याने नोंदी थांबतात, चुका नाहीत.

अख्खा लॅपटॉप गोठला तरी पॉवर बटणावर अंगठा ठेवण्याआधी एक गोष्ट करून बघा. ‘ऑल्ट’ आणि ‘प्रिंट स्क्रीन’ दाबून धरून, मध्ये दोन-तीन सेकंद थांबत, एस, यू, बी ही अक्षरं दाबा. काही लॅपटॉपवर सोबत ‘एफएन’ही लागतं. एसने डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहिलं जातं, यूने डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते, बीने मशीन पुन्हा सुरू होतं. जुन्या पुस्तकांत सहा अक्षरांचा मंत्र दिलेला असतो; उबुंटूने सुरक्षेसाठी त्यातली ही तीनच चालू ठेवली आहेत. फाइली वाचतात हा फायदा आहेच, पण आपल्या कामाचा फायदा वेगळा. गोठण्याच्या क्षणीच्या नोंदी डिस्कवर पोचतात. बटण दाबून मारलेल्या लॅपटॉपची वही बहुतेक वेळा नेमक्या मोक्याच्या ओळीआधी संपलेली असते.

तिसरा थर लॅपटॉपच्याच झोपेचा. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि पूर्व-पश्चिम प्रवास वीस-पंचवीस मिनिटांवर आला. अंधेरीच्या ऑफिसात झाकण मिटायचं, घाटकोपरच्या घरी उघडायचं, अशी हजारोंची सवय. लिनक्सच्या वायफायची याहून कडक परीक्षा नाही. झाकण मिटताना कार्ड एका राउटरला जोडलेलं असतं, उघडताना तो राउटर नाहीसा झालेला असतो, आणि त्याच वेळी कार्डाला वीज परत मिळत असते. हल्लीचे बरेच लॅपटॉप पूर्वीसारखे गाढ झोपत नाहीत; अर्धवट जागे राहतात, म्हणजे कार्डही धड बंद नाही आणि धड चालू नाही. उघडल्यावर वायफायची यादी रिकामी दिसली, तर ‘मॉडप्रोब -आर’ने ड्रायव्हर उतरवा आणि ‘मॉडप्रोब’ने परत चढवा. जमलं, तर हेच काम दर वेळी आपोआप करणारी चार ओळींची स्क्रिप्ट सिस्टिमडीच्या ‘सिस्टिम-स्लीप’ फोल्डरात ठेवता येते: झोपण्याआधी ड्रायव्हर उतरव, उठल्यावर चढव. उपाय ओबडधोबड आहे, पण वर्षानुवर्षं चालतो.

लॅपटॉपवर विंडोजही असेल, तर तिथलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही, कार्डाला विचित्र अवस्थेत सोडून जातं आणि नाव लिनक्सचं खराब होतं.

हा सगळा घोळ लिनक्समध्येच जास्त का? कारण बऱ्याच वर्षांपर्यंत कार्ड बनवणाऱ्यांना लिनक्सशी कर्तव्य नव्हतं. ब्रॉडकॉमच्या कार्डांसाठी स्वयंसेवकांनी विंडोजच्या ड्रायव्हरमधून फर्मवेअर कातरून काढलं, कंपनीचा ड्रायव्हर काय करतो ते उलगडून स्वतःचा ड्रायव्हर लिहिला. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये. ब्रॉडकॉम आणि मग रिअलटेकच्या ड्रायव्हरांवर सर्वांत चिकाटीने राबलेला माणूस म्हणजे लॅरी फिंगर. मूळचे ते स्फटिकशास्त्रज्ञ, वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेतले. एल साल्वाडोरच्या इझाल्को ज्वालामुखीवर सापडलेल्या तांबे आणि व्हॅनेडियमच्या एका खनिजाला त्यांच्यावरून ‘फिंगेराइट’ हे नाव मिळालं. खनिजाला आपलं नाव लागलेला संशोधक उतारवयात परक्यांच्या स्वस्त लॅपटॉपची रेंज का येत नाही याचा पाठपुरावा करत बसला. कर्नलमध्ये त्यांचे दीड हजारांहून जास्त बदल आहेत. जून २०२४ मध्ये ते गेले. बोरिवलीतल्या एखाद्या जुन्या लॅपटॉपवर आज वायफाय जोडलं जातं, त्यात त्यांचा वाटा असण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

या इतिहासाचा व्यवहारातला अर्थ असा, की कर्नलची आवृत्ती बदलणं हाही उपचारच. अपडेटनंतर गोठणं सुरू झालं असेल, तर ग्रबच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडून बघा. नव्या लॅपटॉपवर पहिल्यापासूनच त्रास असेल तर उलट करा, नवा कर्नल बसवा. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये त्याची सोय आहे. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. कर्नल, पॉवरसेव्ह आणि राउटर तिन्ही एका रात्री बदलले आणि गोठणं थांबलं, तर कशाने थांबलं हे कधीच कळणार नाही. टर्मिनलची भीती वाटत असेल, तर पवईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सवरचे पाठ मराठीतही आहेत.

एवढं करूनही कार्ड ‘रेव्ह एफएफ’च दाखवत असेल, तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग चालू करा. साचलेली वीज उतरली की रुसलेलं कार्ड पुष्कळदा परत दिसतं. त्यानेही नाही झालं, तर लॅपटॉपचं खालचं झाकण उघडून कार्ड खाचेतून काढून परत बसवायचं. आपल्या दमट, खाऱ्या हवेत सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो, विशेषतः पावसाळ्यात. साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं तरी पुरतं. बॅटरीची जोडणी आधी सुटी करा.

शेवटी नवं कार्ड. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ते मिळतं, पण नाव नीट विचारून घ्या. इंटेलचं ‘एएक्स२००’ किंवा ‘एएक्स२१०’ योग्य जागा असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये चालतं. ‘एएक्स२०१’ आणि ‘एएक्स२११’ दिसायला हुबेहूब तशीच असतात, खाचेत बसतातही, पण त्यांचा अर्धा भाग इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांच्या सोबतीच्या चिपमध्ये असतो. दुसऱ्या मशीनमध्ये ती मुकी राहतात. काही जुन्या लॅपटॉपचा बायोस तर परकं कार्ड दिसलं की सुरूच होत नाही. यूएसबी डोंगल घेणार असाल, तर खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. टीपी-लिंकच्या ‘डब्ल्यूएन७२२एन’मध्ये पहिल्या आवृत्तीत लिनक्सला मानवणारी अ‍ॅथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची आली. खोकं आणि नाव तेच राहिलं. आवृत्तीचा आकडा मागच्या लेबलवर बारीक छापलेला असतो, तो बघूनच पैसे द्या. कार्ड बदलताना अँटेनाच्या टिचबटणासारख्या जोडण्या सरळ वर उचलून काढायच्या आणि सरळ खाली दाबून बसवायच्या, वाकडं ओढायचं नाही. ही जोडणी जेमतेम तीसेक वेळा काढ-घाल करण्यासाठी बनवलेली असते.